मुलांच्या डोक्यात हवा, म्हणजे न्यूमोसिफॅलस

एखाद्याच्या डोक्यात हवा गेली म्हणजे तो माजला असं आपण म्हणतो, पण इथे खरोखरच हवा जाते, कवटीच्या आत, मेंदूच्या भोवती किंवा थेट मेंदूच्या पोकळ्यांमध्ये. डॉक्टर याला न्यूमोसिफॅलस म्हणतात. मुलांमध्ये बहुतेक वेळा कारण मारच असतं, गच्चीवरून, जिन्यावरून पडणं, गाडीचा अपघात, वगैरे.

हवा येते कुठून? नाकाच्या आजूबाजूचे सायनस, म्हणजे हाडांतल्या पोकळ्या, आणि कानामागचं हाड आधीच हवेने भरलेलं असतं, कवटीचा तळ तिथे फुटला आणि मेंदूचं बाहेरचं आवरण फाटलं की हवेला वाट मिळते. कपाळातला सायनस अगदी लहान मुलांत तयारच झालेला नसतो, तो साधारण सात-आठ वर्षांनंतर नीट वाढतो, म्हणून बाळांमध्ये नाकाच्या मुळाजवळचं हाड किंवा कान जास्त बघावं लागतं.

आता मुद्दा असा की थोडीशी हवा स्वतः फारसं काही करत नाही, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप शोषली जाते. घाबरायचं ते भोकाला, कारण ज्या वाटेने हवा आत गेली त्याच वाटेने जंतू जातात आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, होऊ शकतो. त्यामुळे पडल्यानंतर पोराच्या एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं गळत असेल, वाकल्यावर जास्त येत असेल, घशात खारट लागतंय म्हणत असेल तर सर्दी झाली म्हणून रुमालाने पुसत बसू नका, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. डोळ्यांभोवती काळंनिळं होणं, कानामागे निळसर डाग, हीही कवटीचा तळ फुटल्याची खूण असू शकते.

निदान सीटी स्कॅनवर होतं. हवा तिथे कुट्ट काळी दिसते, अर्धा मिलिलिटर असली तरी सापडते, साध्या एक्स-रेला जवळपास दोन मिलिलिटर लागते. कधीकधी भोक एकाच बाजूने उघडणाऱ्या व्हॉल्व्हसारखं वागतं, खोकल्यावर, शिंकल्यावर हवा आत जाते पण बाहेर येत नाही, दाब वाढत जातो आणि मेंदूचे पुढचे दोन भाग एकमेकांपासून लांब सरकतात. स्कॅनवर ते फुजी पर्वतासारखं दिसतं म्हणून जपानी डॉक्टरांनी त्याला तेच नाव दिलं. अशा वेळी मात्र थांबायचं नसतं, न्यूरोसर्जनला हवा बाहेर काढावी लागते.

बाकी उपचार साधे पण पोराला पाळायला कठीण: पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर, नाक शिंकरायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, डॉक्टर सांगेपर्यंत विमानप्रवास बंद. मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला की अडकलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात लवकर उतरतो. नाकातून नळी घालणं टाळतात, फुटलेल्या हाडातून ती वर जाऊ शकते. गळती थांबतच नसेल तर ऑपरेशन करून भोक बुजवतात.

गंमत म्हणजे १९१८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या सर्जनने मुद्दाम मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायला सुरुवात केली, तीही लहान मुलांपासून. १९७०च्या दशकात सीटी आलं तेव्हा कुठे ती पद्धत मागे पडली.