खर्चाला कुंपण: अमेरिकी राज्यांच्या घटनांमधली पावणेदोनशे वर्षांची आकडेमोड

कोलोरॅडोत कर वाढवायचा तर मतदारांची परवानगी लागते, आणि ती कोणत्या शब्दांत मागायची हेही तिथल्या राज्यघटनेत लिहून ठेवलंय. प्रश्नाची सुरुवात ‘राज्याचे कर दरसाल इतक्या डॉलरनी वाढवावेत का?’ अशीच झाली पाहिजे. रक्कम आधी, मग बाकीचं. शाळा, रस्ते, दवाखाने यांपैकी कशासाठी पैसे हवेत ते नंतर सांगायचं. २०१३ साली गांजाच्या विक्रीवर कर बसवायचं ठरलं तेव्हाही मतपत्रिकेवर आधी ७ कोटी डॉलर आले, गांजा मागून आला.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते आणि अनेक राज्यांत ती बदलायला विधिमंडळाची गरजही पडत नाही. पुरेशा सह्या गोळा केल्या की दुरुस्ती थेट मतदानाला जाते. त्यामुळे एरवी साध्या कायद्यात किंवा अर्थसंकल्पाच्या पुस्तकात सापडावी अशी टक्केवारी तिथे थेट घटनेत जाऊन बसते. खर्चाच्या मर्यादांचा बराचसा इतिहास या एका सोयीभोवती फिरतो.

पण सुरुवात खर्चापासून झाली नाही, कर्जापासून झाली. १८२५ साली न्यूयॉर्कचा ईरी कालवा पूर्ण झाला आणि टोलच्या उत्पन्नावर तो इतका चालला की बाकीच्या राज्यांना राहवेना. कालवे, रेल्वे, बँका, सगळ्यांसाठी कर्जरोखे निघू लागले आणि ते लंडनच्या बाजारात खपूही लागले. इंडियानाने १८३६ मध्ये एकाच कायद्याने १ कोटी डॉलरची कामं काढली. नकाशावर रेघा मारणं सोपं होतं. मग १८३७ ची मंदी आली. १८४१ नंतरच्या दोन वर्षांत पेनसिल्वेनिया, मेरीलँड, इलिनॉय, इंडियाना, मिशिगन, मिसिसिपी, आर्कान्सा आणि लुइझियाना अशी आठ राज्यं आणि फ्लोरिडाचा प्रदेश हप्ते चुकवून बसले. पेनसिल्वेनियाचे रोखे घेऊन बसलेल्या सिडनी स्मिथ या इंग्रज पाद्र्याने १८४३ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसला अर्ज लिहिला, वर्तमानपत्रांतून त्या राज्याची यथेच्छ खरडपट्टी काढली, आणि शेवटी आपले रोखे तोट्यात विकून मोकळा झाला.

हात पोळल्यावर राज्यांनी घटना उघडल्या. ऱ्होड आयलंडने १८४२ मध्ये, न्यू जर्सीने १८४४ मध्ये, न्यूयॉर्कने १८४६ मध्ये नियम केला, की ठरावीक रकमेपलीकडे कर्ज काढायचं तर लोकांना विचारायचं. इंडियानाने १८५१ च्या घटनेत राज्याच्या कर्जावर जवळपास बंदीच घातली. आज व्हरमाँट सोडलं तर प्रत्येक राज्याला या ना त्या स्वरूपात अर्थसंकल्प समतोल ठेवावा लागतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. कर्जाची मर्यादा म्हणते, जेवढं मिळवाल तेवढंच खर्च करा. मिळकत वाढली तर खर्च वाढवायला तिची काहीच हरकत नसते. मिळकत वाढली तरी खर्च अमुक गतीनेच वाढला पाहिजे, ही कल्पना फार नंतरची. १९५० आणि ६० च्या दशकांत राज्यांनी विक्रीकर आणि आयकर वाढवले, शाळा-विद्यापीठं उभारली, १९६५ च्या कायद्यानंतर मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेचा वाटा उचलला. मग सत्तरीत महागाई आली. पगार महागाईबरोबर वाढले की माणूस आयकराच्या वरच्या टप्प्यात सरकतो, घराची किंमत वाढली की मालमत्ता कर वाढतो. कुणीही हात वर करून करवाढीला मत दिलेलं नसतं, तरी तिजोरी भरत राहते. लोकांचा खरा राग या ‘न मागता झालेल्या’ करवाढीवर होता, असं मला वाटतं.

त्या रागाला पहिल्यांदा सूत्राचं रूप दिलं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी. नोव्हेंबर १९७३ च्या खास मतदानात त्यांनी ‘प्रस्ताव १’ मांडला. राज्याचा खर्च लोकांच्या एकूण वैयक्तिक उत्पन्नाच्या ठरावीक वाट्यात ठेवायचा आणि तो वाटा वर्षागणिक खाली आणायचा. मसुद्यामागे लुइस उलर होते आणि प्रचाराला अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन आले. मसुदा इतका लांबलचक आणि किचकट झाला, की टीव्हीवरच्या एका मुलाखतीत रीगनना विचारलं गेलं, सामान्य मतदाराला यातली भाषा कळते का? ते म्हणाले, नाही, आणि त्याने प्रयत्नही करू नये, मलाही कळत नाही. विरोधकांना एवढं वाक्य पुरलं. प्रस्ताव ५४ विरुद्ध ४६ असा पडला. पण उलर यांनी नाद सोडला नाही. १९७५ मध्ये त्यांनी करमर्यादेसाठी देशव्यापी समिती काढली आणि पुढच्या बऱ्याच राज्यांतल्या मसुद्यांची मुळं त्या गोटातली आहेत.

घटनेत वाढीची मर्यादा सगळ्यात आधी आली ती टेनेसीत, मार्च १९७८ मध्ये. करांतून होणारा राज्याचा खर्च राज्याच्या अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने वाढू नये, एवढंच एक वाक्य. ओलांडायची तर विधिमंडळाने वेगळा कायदा करून किती डॉलर आणि किती टक्के ओलांडतोय ते स्पष्ट लिहायचं. साधं बहुमत पुरेसं. टेनेसीने ती पुढे अनेकदा ओलांडली, फारसा आरडाओरडा न होता.

तिची बातमी देशभर गाजलीच नाही, कारण तीनच महिन्यांत कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव १३’ आला. ६ जून १९७८. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या जोडीने मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर आणला, करासाठी धरायची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं घातलं, आणि राज्याच्या नव्या करांसाठी विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत सक्तीचं केलं. जवळपास ६५ टक्के मतदारांनी हो म्हटलं. हा कराचा लगाम होता, खर्चाचा नव्हे. ती उणीव भरायला गॅन वर्षभरात परत आले. नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘प्रस्ताव ४’ ७४ टक्के मतांनी मंजूर झाला: १९७८-७९ चा खर्च पाया धरायचा, त्यात दरवर्षी लोकसंख्या आणि महागाईइतकीच वाढ, आणि महागाई मोजायला ग्राहक किंमत निर्देशांक किंवा दरडोई उत्पन्न यांतला जो आकडा लहान तो. उरलेले पैसे लोकांना परत.

‘जो लहान तो’ या तीन शब्दांत गॅन मर्यादेचा सगळा जीव होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महागाई भरपूर होती, राज्याची मिळकत मंदावलेली होती, म्हणून कुंपणाला कुणाचा धक्का लागला नाही. महागाई उतरली, अर्थव्यवस्था धावू लागली आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्निया मर्यादेवर आदळलं. १.१ अब्ज डॉलर जादा निघाले. शिक्षण विभागाचे निवडून आलेले प्रमुख बिल होनिग म्हणत होते शाळांना द्या. गव्हर्नर जॉर्ज ड्युकमेजियन म्हणाले घटनेप्रमाणे परत करा. धनादेश घरोघर गेले. शिक्षकांच्या गोटाने पुढच्याच वर्षी आपली दुरुस्ती आणली: ‘प्रस्ताव ९८’, शाळांना किमान इतका वाटा मिळालाच पाहिजे. ५०.७ टक्के मतांनी ती काठावर पास झाली. म्हणजे घटनेच्या एका कलमात खर्चाची कमाल आणि दुसऱ्या कलमात त्याच तिजोरीतल्या एका खर्चाचं किमान! दोन वर्षांनी, १९९० च्या ‘प्रस्ताव १११’ ने ‘जो लहान तो’ हे शब्द काढून दरडोई उत्पन्न घातलं, मोठी बांधकामं मोजणीतून वगळली, आणि गॅन मर्यादा तीस वर्षं जवळजवळ झोपून राहिली. ती जागी झाली कोविडनंतर. २०२२ मध्ये राज्याने २०० ते १,०५० डॉलरचे परतावे वाटले, त्यामागे महागाईने पोळलेल्यांना दिलासा जसा होता तसं हे जुनं गणितही होतं.

मिशिगनने नोव्हेंबर १९७८ मध्ये वेगळी वाट धरली: राज्याची मिळकत वैयक्तिक उत्पन्नाच्या ९.४९ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. रिचर्ड हेडली या विमा व्यावसायिकाच्या नावाने ती ओळखली जाते. उत्पन्नाचा वाटा धरला की अर्थव्यवस्था वाढेल तशी मर्यादाही वाढते, त्यामुळे ती क्वचितच टोचते; अलीकडे राज्य तिच्या अब्जावधी डॉलर खाली असतं. मिसुरी, टेक्सास, ॲरिझोना, हवाई यांनीही १९७८ ते १९८० दरम्यान आपापली कुंपणं घातली.

आता पुन्हा कोलोरॅडो. डग्लस ब्रूस हे कॅलिफोर्नियातून आलेले वकील आणि घरमालक. १९८८ आणि १९९० असे दोन प्रयत्न फसल्यावर नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांची ‘करदात्यांच्या हक्कांची सनद’ मंजूर झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला टेबॉर म्हणतात. कोणताही कर वाढवायचा तर मतदान, आणि मिळकतीची वाढ महागाई अधिक लोकसंख्या एवढीच. त्यावरचं परत. राज्य, परगणे, शहरं, शाळांचे जिल्हे, सगळ्यांना लागू.

टेबॉरची खरी धार पायाच्या नियमात होती. समजा या वर्षी मर्यादा १०० रुपये आणि मिळकतही १००. पुढच्या वर्षी मंदी आली, मिळकत ९० वर आली. मूळ नियमाप्रमाणे त्याच्या पुढची मर्यादा १०० वर मोजायची नाही, प्रत्यक्षातल्या ९० वर मोजायची. वाढ ४ टक्के धरली तर ९३.६०. मंदी सरली, मिळकत पुन्हा १०० झाली, तरी ६.४० परत करायचे. खाली यायला जिना, वर चढायला नाही. २००१ च्या मंदीनंतर हे कागदावरचं गणित कोलोरॅडोने भोगलं. त्यात २००० साली मतदारांनीच आणखी एक दुरुस्ती करून शाळांचा खर्च दहा वर्षं महागाईपेक्षा १ टक्का जास्त वाढवायचं बंधन घातलेलं. कात्री उच्च शिक्षणावर फिरली. शेवटी रिपब्लिकन गव्हर्नर बिल ओवेन्स यांनीच २००५ मध्ये ‘संदर्भ सी’ या मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. पाच वर्षं परतावे थांबले आणि तो खाली सरकणारा पाया कायमचा काढला. सुमारे ५२ टक्के मतं मिळाली.

दरम्यान मोजणीची कला फोफावली. सरकारी व्यवसाय, म्हणजे जे मुख्यतः स्वतःच्या शुल्कावर चालतात आणि सरकारी अनुदान १० टक्क्यांहून कमी घेतात, ते टेबॉरच्या बाहेर. मग २००४ मध्ये कायदा झाला, की विद्यापीठांना थेट अनुदान न देता विद्यार्थ्याच्या नावाने पैसे द्यायचे. अनुदान कागदावरून गेलं, विद्यापीठ ‘व्यवसाय’ झालं आणि फीचे पैसे मर्यादेतून सुटले. २०१७ मध्ये रुग्णालयांच्या शुल्काचंही तेच केलं. २०२० मध्ये मतदारांनी या वाटेवरही फाटक बसवलं: मोठा नवा व्यवसाय काढायचा तर आम्हाला विचारा. गावपातळीवर सरळ मार्ग होता, स्थानिक मतदान घेऊन मर्यादेतून सूट घ्यायची. याला तिथे ‘डी-ब्रूसिंग’ म्हणतात. जवळजवळ सगळ्या शाळा जिल्ह्यांनी ते करून घेतलंय. इतकं, की माणसाच्या आडनावाचं क्रियापद झालं.

सुरुवातीच्या गांजाची गोष्ट तर पुढे आणखी रंगली. नवा कर मागताना मतदारांना राज्याच्या एकूण मिळकतीचा अंदाजही द्यावा लागतो, आणि तो चुकून कमी निघाला तर नवा कर परत करावा लागतो. गांजाचा कर अंदाजाइतकाही आला नाही. पण बाकीची अर्थव्यवस्था जोरात असल्याने एकूण मिळकत अंदाजाच्या पुढे गेली. म्हणून गांजाचे सगळे ६ कोटी ६१ लाख डॉलर परतीच्या यादीत, आणि ते घेणाऱ्यांत करदात्यांबरोबर गांजा पिकवणारेही! २०१५ मध्ये त्यासाठी पुन्हा मतदान घेतलं. मतदारांनी शहाणपणाने सांगितलं, ठेवा.

मात्र कायमचं ठेवा म्हणायला ते तयार नसतात. सगळे परतावे कायमचे बंद करायचा २०१९ चा प्रस्ताव पडला. २०२२ मध्ये प्रत्येकी ७५० डॉलरचे धनादेश आले आणि २०२३ मध्ये परताव्याला हात घालणारा आणखी एक प्रस्ताव पडला. कोलोरॅडोबाहेर मात्र टेबॉरची कलमं रुजली नाहीत. २००६ मध्ये मेन, नेब्रास्का आणि ओरेगॉन या तिन्ही राज्यांनी एकाच दिवशी नकार दिला, २००९ मध्ये मेनने पुन्हा आणि वॉशिंग्टनने, २०१२ मध्ये फ्लोरिडाने.

आणि कनेटिकट. १९९१ मध्ये गव्हर्नर लोवेल वायकर यांनी तिथे पगारांवर आयकर आणला. त्या रागाची किंमत म्हणून खर्चाच्या मर्यादेची घटनादुरुस्ती द्यावी लागली आणि १९९२ मध्ये मतदारांनी ती प्रचंड बहुमताने मंजूर केली. खर्चाची वाढ वैयक्तिक उत्पन्न किंवा महागाई यांतल्या मोठ्या वाढीपुरतीच. फक्त ‘वैयक्तिक उत्पन्नातली वाढ’, ‘महागाईतली वाढ’ आणि ‘सर्वसाधारण अर्थसंकल्पी खर्च’ या तीन शब्दप्रयोगांची व्याख्या विधिमंडळाने तीन पंचमांश मतांनी करायची होती. ती केलीच नाही. १९९१ च्या एका साध्या कायद्यावर काम भागवलं गेलं, जो विधिमंडळ हवा तेव्हा वाकवू शकत होतं. २०१५ मध्ये महाधिवक्ता जॉर्ज जेप्सन यांनी लेखी मत दिलं, की व्याख्याच नसल्यामुळे घटनेतली मर्यादा अजून अमलातच आलेली नाही. अर्थसंकल्प महिनोन्‌महिने रखडल्यावर २०१७ मध्ये दोन्ही पक्षांची तडजोड झाली आणि तेव्हा कुठे त्या तीन व्याख्या कायद्यात लिहिल्या गेल्या, मतदानानंतर पंचवीस वर्षांनी.