रक्त पिणारी वटवाघळे: मारण्याच्या शंभर वर्षांचा हिशेब

पिसाळणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोंडातून लाळ गाळत, दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा येतो. मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत गुरे पाळणाऱ्या माणसाला रेबीज असा दिसत नाही. त्याची गाय पिसाळत नाही, लुळी पडते. आधी ती कळपापासून बाजूला राहते, मग मागचे पाय लटपटू लागतात, लाळ गळते, चारा गिळता येत नाही. शेवटी ती बसते ती उठतच नाही आणि आडवी पडून पाय झाडत साधारण आठवड्याभरात मरते. घशात काही अडकले असेल म्हणून मालक तोंडात हात घालून पाहतो आणि नेमक्या त्या लाळेतच विषाणू असतो. मेक्सिकोत या दुखण्याला ‘देर्रिएन्गे’ म्हणतात. ते म्हणजे रेबीजच, हे तिथे 1944 साली सिद्ध झाले. इतका उशीर होण्याचे एक कारण सोपे आहे. चाव्यानंतर लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने जातात आणि तोवर चाव्याची जखम भरूनही आलेली असते.

चावणारा प्राणी चिमणीपेक्षा थोडासाच जड, 25 ते 40 ग्रॅमचा. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडातल्या. त्यांतल्या दोन मुख्यतः पक्ष्यांचे रक्त पितात. गुरांच्या मागे लागते ती एकच, डेस्मोडस रोटुंडस. ती एका रात्रीत साधारण 20 मिलिलिटर रक्त पिते, म्हणजे चहाचे चार चमचे. गाईच्या दृष्टीने हे काहीच नाही, पण लाळेतल्या द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही आणि वटवाघूळ उडून गेल्यावरही जखम वाहत राहते. तिच्यात अळ्या पडतात. शिवाय उघड्या जखमेवर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच किंवा दुसरे वटवाघूळ येऊन बसते.

या प्राण्याची एक सवय ध्यानात ठेवली तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो. दोन-तीन रात्री उपाशी राहिले की ते मरते. म्हणून पोट भरलेली मादी उपाशी सोबतिणीला स्वतःच्या पोटातले रक्त ओकून भरवते. प्राणिशास्त्रज्ञ जेरल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात केलेल्या अभ्यासातून हे 1984 साली जगापुढे मांडले. ही वटवाघळे एकमेकांचे अंगही सतत चाटून साफ करतात. विष पसरवायला माणसाने याच चाटण्याचा उपयोग केला आणि आता लस पसरवायलाही तेच वापरायचे चालले आहे.

युरोपीय लोक येण्यापूर्वी ही जात रानातल्या प्राण्यांवर जगत होती. स्पॅनिश बखरकार ओव्हिएदो याने 1526 साली दारिएनमध्ये (आजच्या पनामा-कोलंबिया सीमेवरचा प्रदेश) सैनिकांना रात्री वटवाघळे चावत असल्याचे आणि चाव्यावर गरम राख लावत असल्याचे लिहून ठेवले आहे. कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीबरोबर गुरे आली, कुरणे वाढली, आणि रात्रभर एका जागी उभे राहणारे, गरम रक्ताचे मोठे जनावर वटवाघळांना दाराशी मिळाले. ब्राझीलच्या आजच्या कळपांत आपला दूरचा वाटाही आहे. तिथली नेलोर जात आंध्रच्या ओंगोल गुरांपासून, तर झीर आपल्या गीरपासून तयार झालेली. त्या वशिंडवाल्या गुरांच्या मानेवर आज तीच वटवाघळे बसतात. त्यांची संख्या वाढली ती गुरांमुळे, म्हणजे आपणच ताट वाढले. मारायचे की जपायचे या वादात ही गोष्ट फार लवकर विसरली जाते.

ब्राझीलच्या सांता कातारिना प्रांतात 1908 च्या सुमारास हजारो गुरे आणि घोडे मेले. साओ पाउलोच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख अँटोनियो कारिनी यांनी 1911 साली निदान केले की हा रेबीज आहे आणि तो वटवाघळांकडून येत असावा. भर दिवसा गुरांवर वटवाघळे तुटून पडताना स्थानिक लोकांनी पाहिले होते. युरोपातल्या तज्ज्ञांना मात्र ही कल्पना पटली नाही. कुत्र्याशिवाय रेबीज हे तेव्हा अशक्यच वाटे.

पटले ते त्रिनिदादने पटवल्यावर. तिथे 1925 पासून गुरे मरत होती आणि दोष विषारी चाऱ्याला दिला जात होता. 1929 मध्ये माणसे पायांपासून वर लुळी पडत मरू लागली तेव्हा पोलिओचा संशय आला. सरकारी जीवाणुतज्ज्ञ जोसेफ लेनॉक्स पवन यांनी 1931 मध्ये मृतांच्या मेंदूत रेबीजची खूण असलेले नेग्री कण ओळखले आणि पुढे विषाणूचे नाते वटवाघळांशी जोडून दाखवले. त्या साथीच्या वर्षांत त्या छोट्या बेटावर 89 माणसे गेली. एवढ्या मृत्यूंनंतर ‘मारून टाका’ ही पहिली प्रतिक्रिया होती याचे नवल वाटत नाही.

मात्र ज्या तऱ्हेने मारले गेले त्याचे समर्थन करता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात ब्राझील, व्हेनेझुएला, मेक्सिको अशा देशांत गुहांमध्ये डायनामाइट लावले गेले, विषारी वायू सोडले गेले, तोंडाशी आग पेटवून धूर कोंडला गेला. पण एका मोठ्या गुहेत दहा-दहा जातींची वटवाघळे राहतात. त्यांत हजारो कीटकभक्षी, फळे आणि मकरंद खाणारी असतात आणि रक्त पिणारी बहुधा वीस ते शंभरच. तीही गुहेबरोबर पोकळ झाडे, जुन्या विहिरी, रस्त्याखालच्या मोऱ्या, पडकी घरे यांत विखुरलेली. म्हणजे स्फोटात जायची ती बिनदोष वटवाघळे आणि गोठ्याजवळच्या पोकळ झाडातली डेस्मोडस मात्र सुखरूप. टकिला ज्यापासून काढतात त्या आगेव्ह कुळातल्या वनस्पतींचे परागीभवन करणारे लांब नाकाचे वटवाघूळ अशाच नासधुशीला बळी पडले. अमेरिकेने 1988 मध्ये त्याला संकटग्रस्त यादीत घातले आणि रोड्रिगो मेडेयिन यांच्यासारख्या मेक्सिकन अभ्यासकांच्या दीर्घ कामानंतर 2018 मध्ये यादीतून काढले.

(आपल्याकडे रक्त पिणारे एकही वटवाघूळ नाही. तरीही 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. ते परिशिष्ट 2022 च्या दुरुस्तीने गेले. सरसकट सगळ्या वटवाघळांवर राग काढणे ही काही एकट्या दक्षिण अमेरिकेची चूक नव्हे.)

नेमकेपणा आला तो 1968 ते 1972 या काळात मेक्सिकोत, अमेरिकी आणि मेक्सिकन शास्त्रज्ञांच्या संयुक्त कामातून. वटवाघूळ दुसऱ्याचे रक्त गोठू देत नाही, पण रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा त्याच्यावरच विलक्षण परिणाम होतो. एक पद्धत अशी की गाईच्या पोटात डायफेनाडायोन हे असले औषध, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 मिलिग्रॅम, टोचायचे. रवंथ करणाऱ्या जनावराला एवढी मात्रा सोसते, पण स्वतःच्या निम्म्या वजनाचे रक्त पिणारे वटवाघूळ आतून रक्तस्राव होऊन मरते. पहिल्या चाचण्यांत नव्या चाव्यांचे प्रमाण 93 टक्क्यांनी घटले.

दुसरी पद्धत आजही चालते. गोठ्याभोवती अंधार पडण्याआधी बारीक धाग्याची जाळी लावायची. रात्र अमावस्येच्या आसपासची निवडायची, कारण चांदण्यात ही वटवाघळे बाहेर पडायला बिचकतात. जाळी सतत तपासायची, अडकलेल्यांतून डेस्मोडस ओळखून बाकीच्या जाती लगेच सोडून द्यायच्या. ओळखलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर व्हॅसलिनमध्ये कालवलेले वॉर्फरिन (तेही रक्त गोठू न देणारेच औषध), सुमारे एक ग्रॅम, चोपडून सोडायचे. ते घरी परतते, सोबती त्याचे अंग चाटतात आणि काही दिवसांत सगळे मरतात. सुरुवातीच्या चाचण्यांत एका वटवाघळामागे वीसपर्यंत मेल्याचा अंदाज होता. प्रत्यक्ष कामात हा आकडा गृहीत धरू नये. हेच मलम संध्याकाळी गुरांच्या ताज्या जखमेभोवतीही लावतात. जुन्या, खपली धरलेल्या जखमेला लावून काही उपयोग नाही, तिथे वटवाघूळ परत येत नाही. जाळी हाताळणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेतलेली असावी आणि हातात जाड चामडी हातमोजे असावेत. ब्राझीलमध्ये वटवाघळे पकडून मलम लावणे हे प्रशिक्षित सरकारी पथकांचे काम आहे आणि ते योग्यच आहे. ज्याला जात ओळखता येत नाही त्याच्या हाती हे मलम गेले की फळे खाणारी वटवाघळे मरतात.

मलमाने वटवाघळे कमी होतात आणि चावेही कमी होतात, यात शंका नाही. प्रश्न रेबीजचा आहे. वटवाघळे निम्मी केली तर रोग निम्मा होईल, हे गृहीतक अनेक दशके कुणी तपासलेच नव्हते. पेरूमध्ये डॅनियल स्ट्राइकर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले की वसाहत लहान असो की मोठी, विषाणूशी संपर्क आलेल्या वटवाघळांचे प्रमाण तिच्या आकारावर ठरत नाही. संपर्क आलेले प्रत्येक वटवाघूळ मरतही नाही. अनेकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी द्रव्ये, तयार होतात आणि ती जगतात. एका वसाहतीत विषाणू फार काळ टिकत नाही, शेजारच्या वसाहतींतून पुन्हा येतो. अशा ठिकाणी प्रौढ मारले की प्रतिकारशक्ती असलेलेही जातात, रिकाम्या जागेत कोवळी पिल्ले आणि बाहेरची वटवाघळे शिरतात, येजा वाढते आणि येजेबरोबर विषाणूही फिरतो.

पेरूतल्या दोन वर्षांच्या मोठ्या मोहिमेचे विश्लेषण 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. वटवाघळे कमी झाली, पण गुरांमधला रेबीज कमी झाला नाही. विषाणू पोहोचण्याआधी केलेल्या मोहिमेने त्याचा प्रवास मंदावला. तो पोहोचल्यानंतर केलेल्या मोहिमेने मात्र वेगच वाढवला. अडचण अशी की गावोगावी मोहीम निघते ती पहिल्या मेलेल्या गाईनंतरच, म्हणजे जेव्हा ती सर्वांत घातक ठरते तेव्हा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. चाव्यांनी जनावरे खंगत असतील तिथे पथकाकडून मलम लावून घ्यावे. रेबीज रोखायचा असेल तर गुरांना लस द्यावी, आणि ती साथ येण्यापूर्वी. ब्राझीलच्या पद्धतीत तीन महिन्यांवरच्या जनावराला 2 मिलिलिटर निष्क्रिय (मारलेल्या विषाणूची) लस देतात, पहिल्यांदाच देत असतील तर 30 दिवसांनी दुसरी मात्रा, मग दरवर्षी. फसते ते बहुधा दोन जागी. दुसरी मात्रा टाळली जाते, किंवा लस 2 ते 8 अंश सेल्सियसच्या बाहेर राहिलेली असते. आधीच विषाणू शिरलेले जनावर लसीनंतरही मरते आणि मालकाला वाटते की लसच वाईट.

माणसांचा प्रश्न याहून कठीण आहे. अ‍ॅमेझॉनच्या नदीकाठी फटींच्या, उघड्या घरांत झोपणाऱ्या मुलांना चावे बसतात. ब्राझीलच्या पारा राज्यात 2004 आणि 2005 मध्ये अशा साथी आल्या. एखाद्या वाडीतली डुकरे, गुरे अचानक विकली गेली की भुकेली वटवाघळे माणसांकडे वळतात. तिथे गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, 15 मिनिटे साबण-पाण्याने जखम धुणे आणि त्यानंतर लगेच लस, हे हाताशी असलेले उपाय. दवाखाना बोटीने दिवसभराच्या अंतरावर असेल तर मात्र चाव्याची वाट न पाहता आधीच लस द्यावी लागते. पेरूने 2011 नंतर अ‍ॅमेझॉनमधल्या समाजांसाठी तसेच सुरू केले.

आता प्रयोग चालू आहेत ते वटवाघळांनाच लस देण्याचे. पेरूत संशोधकांनी विषाच्या जागी चमकणारा रंग, रोडामिन बी, जेलमध्ये कालवून काही वटवाघळांच्या अंगावर लावला आणि नंतर वसाहतीतल्या इतरांचे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रंग इतरांपर्यंत पोहोचला होता. 2019 च्या त्या निष्कर्षांनुसार थोड्यांना लावलेली लसही साथीचा आकार आणि कालावधी घटवू शकते. या प्राण्याला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होते आणि तो अनेक वर्षे जगतो, त्यामुळे एकदा आलेली प्रतिकारशक्ती वसाहतीत टिकून राहायला वाव आहे. जाळी, जेल आणि पाठीवर चोपडणे, सगळे 1972 सारखेच. फक्त चाटल्यावर पोटात जाते ती लस. ती प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत गाईची वार्षिक लस चुकवू नये.