लिनक्सवर व्हिडिओ का अडायचा?

नवंकोरं लिनक्स बसवायचं, हौसेने एखादी फाइल उघडायची आणि पडद्यावर काय, तर म्हणे कोडेक (फाइल उलगडणारा कोड) नाही! यात प्लेअरचा दोष क्वचितच असायचा. तो कोड बहुतेक वेळा तयार होता. तो सोबत द्यायची धास्ती डिस्ट्रोवाल्यांना, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या वाटणाऱ्यांना होती.

धास्ती पेटंटची. एमपी३, एमपीईजी-२, २००३ साली आलेला एच.२६४, हे आवाज-व्हिडिओचे फॉरमॅट तेव्हा सगळेच पेटंटांनी वेढलेले. फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीने प्रतीमागे रॉयल्टी भरायची कुठून? रेड हॅट लिनक्सने २००२मध्ये ८.० आवृत्तीतून एमपी३ काढूनच टाकलं. डीव्हीडीचं दुखणं निराळं, तिथे कुलूपच होतं. १९९९मध्ये डीसीएसएस नावाच्या इवल्याशा प्रोग्रॅमने ते उघडलं. त्यापायी नॉर्वेत योन लेक योहान्सेन या तरुणावर खटला चालला आणि २००३मध्ये तो निर्दोष सुटला. तरीही हे काम करणारी लिबडीव्हीडीसीएसएस लायब्ररी डेबियन या डिस्ट्रोच्या मुख्य भांडारात नाही.

सगळ्यात धीट तोडगा एमप्लेअरचा. २०००च्या सुमारास हंगेरीत सुरू झालेल्या या प्लेअरने चक्क विंडोजच्या डीएलएल फाइली (तयार कोडचे तुकडे) उचलून लिनक्सवर चालवल्या. त्यामुळे विंडोज मीडिया, क्विकटाइम असले बंदिस्त फॉरमॅट दिसू लागले. कायद्याने हे कितपत बसतं, ते कुणी फारसं विचारत नसे. ६४-बिट प्रणाली आल्यावर मात्र ही ३२-बिटची युक्ती कुचकामी ठरली.

टिकला तो दुसरा मार्ग. फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये एफएफएमपेग हा खुला प्रकल्प सुरू केला आणि एकेक फॉरमॅटचा डीकोडर नव्याने लिहिला जाऊ लागला. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला, २००१मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झालेला व्हीएलसी प्लेअर याच डीकोडरांवर मोठा भार टाकतो. एमप्लेअरच्या वंशातला एमपीव्हीही. म्हणून या दोघांत जास्त फॉरमॅट कोण चालवतो, हा वाद मला पोकळ वाटतो. आवड असते ती मांडणीची. जीस्ट्रीमर या प्लगइनवर बेतलेल्या चौकटीवर चालणाऱ्या प्लेअरचं तसं नाही. तिथे कुठली प्लगइन बसवलीत यावर सगळं. त्यांच्या गठ्ठ्यांची नावं ‘गुड’, ‘बॅड’ आणि ‘अग्ली’. गंमत अशी, की ‘अग्ली’मधला कोड चांगलाच असतो, कुरूप असतो तो परवान्याचा मामला.

रॉयल्टी न लागणारे व्हिडिओ फॉरमॅटही आले. त्यातला थिओरा दर्जात मागे पडला. गूगलने २०१०मध्ये व्हीपी८ खुला केला, पुढे व्हीपी९ आणि २०१८मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एव्ही१. एच.२६४साठी सिस्कोने २०१३मध्ये वेगळीच वाट काढली: कोड खुला, रॉयल्टी सिस्को भरणार, पण त्यासाठी तयार बायनरी (चालवण्याजोगी फाइल) त्यांच्याकडूनच उतरवायची. एमपी३ची परवानेविक्री २०१७मध्ये थांबली आणि तो प्रश्न एकदाचा मिटला.

एच.२६४चा मात्र मिटला नाही. फेडोरा या डिस्ट्रोने २०२२मध्ये त्याचं आणि त्याच्या पुढच्या एच.२६५चं ग्राफिक्स कार्डावरचं डीकोडिंग आपल्या मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या पॅकेजमधून बंद केलं. आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातलं पर्यायी पॅकेज बसवलं नाही, तर अशा फाइलींचा भार मेसावर चालणाऱ्या कार्डाऐवजी प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घरघरू लागतो.