फ्रीस्टाइल पोहण्यातील शरीरस्थिती, तोल आणि सैलपणा

फ्रीस्टाइल किंवा क्रॉल प्रकारात पालथे पोहताना शरीर पाण्याच्या पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर असावे लागते. ही झाली शरीरस्थिती. ती पायांच्या धडपडीवाचून टिकणे म्हणजे तोल, आणि त्या क्षणी ज्या स्नायूंना काम नाही ते ढिले सोडणे म्हणजे सैलपणा. शिकवण्याच्या सोयीसाठी हे तीन भाग वेगळे केले जात असले, तरी तोल साधल्याशिवाय सैलपणा येत नाही, असाच अनुभव आहे.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असते आणि त्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो. त्यामुळे नवशिक्याला ताकद वाढवण्यापेक्षा पाण्याला अडणारे अंग कमी करण्याचा फायदा अधिक होतो.

पाय बुडण्याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. फुप्फुसांतील हवेमुळे उत्प्लावक बलाचा, म्हणजे पाणी शरीराला वर ढकलते त्या बलाचा, मध्य छातीकडे असतो, तर गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्य, त्याच्या खाली, बेंबीच्या आसपास असतो. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसल्यामुळे पालथे पडलेले शरीर पायांच्या बाजूने खाली जाते. पोहणारा मग जोराने पाय मारून ते वर धरू पाहतो. पण मांड्यांचे मोठे स्नायू भरपूर ऑक्सिजन खर्च करतात आणि २५ मीटर पार होण्यापूर्वीच त्याला धाप लागते. खरा उपाय दुसऱ्या टोकाला आहे. डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली जातात. म्हणून नजर तळाकडे, मान पाठीच्या कण्याच्या रेषेत आणि छाती किंचित पाण्यात दाबलेली ठेवतात. पुढे लांबवलेला हात क्षणभर तसाच राहू दिल्यास गुरुत्वमध्यही थोडा डोक्याकडे सरकतो. १९२२ साली १०० मीटर अंतर सर्वप्रथम एका मिनिटाच्या आत, ५८.६ सेकंदांत, पोहणारे जॉनी वाइसमुलर मात्र डोके बरेच वर ठेवून पोहत. असामान्य ताकदीच्या जोरावर त्यांना ते परवडले, इतरांनी अनुकरण करावे असे त्यात काही नाही.

आडव्या तोलाइतकेच महत्त्व शरीर लांबीच्या अक्षाभोवती दोन्ही बाजूंना वळण्याला आहे. खांदा वळल्याने हात पुढे आणणे सोपे होते आणि श्वासासाठी डोके न उचलता केवळ वळवता येते. चालत्या डोक्याच्या बाजूला पाण्यात खळगा तयार होत असल्याने तोंडाला हवा पृष्ठभागाच्या पातळीपेक्षाही खाली मिळते.

सैलपणा म्हणजे अंग लुळे सोडणे नव्हे. पोट आणि कंबर बेताने ताठ नसतील, तर शरीर मधूनच वाकते. ढिले राहायचे ते मान, घोटे आणि पाण्याबाहेरून पुढे येणारा हात, विशेषतः त्याचा पंजा. ताणाचे सर्वांत सामान्य मूळ श्वास कोंडून धरण्यात असते: तोंड पाण्यात असताना सावकाश, सलग उच्छ्वास सोडला नाही, तर वळल्यावर सोडणे आणि घेणे दोन्ही उरकावे लागते आणि मान आखडते. १९९२ व १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारे रशियाचे अलेक्झांडर पोपोव्ह यांचे संथ वाटणारे हात हे वेगातील सैलपणाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

बाहेरून मिळणारा तरंगण्याचा आधार हा तोलाला पर्याय ठरू शकतो. पोहण्याच्या स्पर्धांत पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या पूर्णांगी पोशाखांवर १ जानेवारी २०१० पासून बंदी आली, त्यामागे त्यांच्या उत्प्लावकतेचाही आक्षेप होता. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने तिथे पाय तलावापेक्षा वर राहतात. महाराष्ट्रातील विहिरींवर मुलांच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधतात, तलावांत मांड्यांमध्ये पुलबॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरायला देतात. दोन्हींमुळे कंबरेकडचा भाग वर राहतो आणि आडव्या अंगाची जाणीव मिळते, पण उचललेल्या डोक्याची चूकही झाकली जाते आणि आधार काढताच पाय पुन्हा खाली जातात.