ऑइलच्या लाल दिव्याला किती कळतं?

जुन्या गाडीत ऑइल प्रेशर गेज बसवायचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "डॅशबोर्डवर दिवा आहे ना, मग कशाला?" दिवा आहे, पण तो फार उशिरा तोंड उघडतो. इंजीनच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो. आत पातळ पडदा, त्याच्यामागे स्प्रिंग. तेलाचा दाब पडदा ढकलतो, संपर्क तुटतो, दिवा विझतो. बहुतेक गाड्यांत हे ०.३ ते ०.५ बारच्या आसपास घडतं (बार हे दाब मोजायचं एकक). गरम इंजीन वेगात धावत असताना दाब साधारण ३ ते ४ बार असायला हवा. तो निम्म्यावर आला, अगदी एक बारवर आला, तरी दिवा गप्पच.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. पंप दाब निर्माण करतो, तेव्हा दाब कमी म्हणजे पंप गेला, असं सरसकट मानलं जातं. तेलाचा पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, एवढंच त्याचं काम. दाब येतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो, तसा इथला अंगठा म्हणजे क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजीनचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यातली फट. ती असते साधारण ०.०५ मिलिमीटर. तेल या फटीत शिरतं, कडांनी बाहेर गळतं आणि खाली चेंबरमध्ये पडतं. ही गळती मुद्दाम ठेवलेली आहे, आणि गेजचा काटा खरं तर तिच्यावरच नजर ठेवून असतो.

आता खरी गंमत. फट दुप्पट झाली तर गळती किती वाढेल? दुप्पट नाही, आठपट. फटीतून तेल वाहतं तेव्हा भिंतीला टेकलेला थर भिंतीलाच चिकटून राहतो, त्याचा वेग शून्य. मधला थर सर्वांत वेगवान. फट रुंदावली की मधले थर भिंतींपासून लांब जातात आणि त्यांना मागे ओढणारं घर्षण सैल पडतं. सरासरी वेग रुंदीच्या वर्गात वाढतो. शिवाय वाटही रुंद झालेली असतेच. वर्ग गुणिले रुंदी, म्हणजे घन. झिजून ०.०५ ची फट ०.०७ झाली, तर १.४ चा घन, म्हणजे जवळपास पावणेतीन पट गळती. पंप मात्र तेवढंच तेल देतोय, तेव्हा दाब त्याच प्रमाणात उतरणार. गरम इंजीन आयडलिंगला १.५ बार दाखवत असेल, तर सगळ्या बेअरिंगची अशी झीज झाल्यावर दाखवेल सुमारे ०.५५. आणि दिवा? अजून विझलेलाच.

याच हिशेबात तेलाचा दाटपणाही येतो. १०डब्ल्यू-४० तेल ४० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर गेलं की साधारण सातपट पातळ होतं. म्हणून थंड इंजीनचा काटा भरवशाचा नाही. तेव्हा दाट तेलामुळे दाब इतका चढतो की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा तेल परत सोडतो आणि काटा ४-५ बारवर अडून बसतो.

मग एवढ्या ३-४ बारच्या जोरावर क्रँकशाफ्ट तेलावर तरंगतो का? छे! याचा उलगडा बीचम टॉवर या इंग्रज इंजिनिअरच्या प्रयोगांत झाला. १८८३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. रेल्वेच्या डब्याचा असतो तसा आस, खालून तेलात बुडलेला. माथ्यावर पितळी बेअरिंग आणि त्यावर भार. तेल सोडायला बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच तेल आत जायचं सोडून भोकातून वर यायला लागलं. टॉवरने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे गेज जोडलं. भाराचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड असताना काटा २०० च्या पार गेला. पंपाचा तर पत्ताच नव्हता! ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. फिरणारा आस बेअरिंगच्या बरोबर मधोमध नसतो, थोडा एका अंगाला असतो. त्यामुळे फट पाचरीसारखी निमुळती होते आणि आस स्वतःच तेलाला त्या निमुळत्या बाजूत खेचून कोंडतो. आजच्या इंजीनमध्ये हा कोंडलेला दाब शेकडो बारपर्यंत जातो. पंपाने फक्त फट रिकामी पडू द्यायची नाही आणि उष्णता वाहून न्यायची.

त्यामुळेच 'ऑइल प्रेशर वाढवा' म्हणणाऱ्या बाटल्यांचं मला हसू येतं. त्या तेल दाट करतात, काटा वर जातो आणि गिऱ्हाईक खूश होतं. झिजलेली फट आहे तेवढीच राहते.

गेज बसवताना दिव्याचा स्विच काढून टाकू नका. त्याच्या भोकावर टी, म्हणजे T आकाराचा जोड, बसवा, एका बाजूला स्विच, दुसरीला गेज. पण पितळी टीच्या टोकाला जड सेंडर (विजेच्या गेजला दाब कळवणारा भाग) लटकवला तर इंजीनच्या थरथरीने टी मुळाशी तडकते आणि तेल बाहेर. लवचिक नळीने सेंडर बाजूला नेऊन पक्का बांधावा हे उत्तम. आट्यांकडेही नीट बघा. एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश पद्धतीत इंचाला २८ आटे, अमेरिकी पद्धतीत २७. एकात दुसरा दोन-तीन फेरे बिनबोभाट बसतो, मग अडतो, आणि जोर केलात तर भोकाचे आटे जातात.

यांत्रिक गेजमध्ये तेल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं आणि वाकवलेली चपटी नळी दाबाने उलगडते. युजेन बुर्दाँ या फ्रेंच इंजिनिअरची १८४९ ची ही युक्ती वीज न मागता चालते. पण नळी फुटली तर गरम तेल पायांवर. विजेच्या गेजला ही भीती नाही, मात्र सेंडर आणि गेज एकाच जोडीचे हवेत. काही सेंडरचा रोध दाबाबरोबर १० ओहमपासून १८० पर्यंत चढतो, काहींचा २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. जोडी चुकली की काटा उलटा पळतो. एकाच वायरच्या सेंडरवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळला तर आट्यांतून मिळणारं अर्थिंग बिघडून काटा भलतंच सांगतो.

काटा शून्यावर आणि दिवाही लागलेला असेल, तर तिथल्या तिथे इंजीन बंद करा. काटा खाली पण दिवा विझलेला असेल, तर इंजीन खोलायच्या गोष्टी करण्याआधी सेंडर काढून त्याच भोकात मेकॅनिककडचं यांत्रिक गेज लावून बघा. पुष्कळदा सेंडरच मेलेला निघतो.