तुमच्या राऊटरचं पान: उघडायचं कसं, आणि तिथे हात लावायचा कशाला

"दादा, वायफायचा पासवर्ड बदलायचाय, माणूस पाठवा." इंटरनेटचं कनेक्शन जोडून दिलं की आठवड्याच्या आत हा फोन ठरलेला. मग आमचा मुलगा सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून गाडी काढून येतो, तुमच्याच मोबाइलवर एक पान उघडतो, दोन मिनिटं बोटं फिरवतो आणि चहा पिऊन परत जातो. त्याचे पैसे लावायला आम्हालाच जड जातं. म्हणून हा कागद छापला. बिलाच्या फायलीत ठेवा, फेकू नका.

पान उघडणं

राऊटर म्हणजे घरात वायफाय देणारा डबा. त्याच्या पोटातच एक छोटी वेबसाइट असते. ती बाहेर इंटरनेटवर नसते, तुमच्या घरातल्या डब्यात असते. त्यामुळे नेट बंद असलं, अगदी गल्लीतली फायबरची वायर तुटलेली असली, तरी हे पान उघडतं. फक्त मोबाइल किंवा कॉम्प्युटर त्याच राऊटरला जोडलेला हवा.

राऊटर उलटा करा. खाली स्टिकर आहे. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता छापलेला दिसेल. क्रोम किंवा जो ब्राउझर असेल तो उघडून सगळ्यात वरच्या पट्टीत हा पत्ता टाका. आम्ही मराठी अंक छापलेत, पण टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा, आणि मधले टिंब विसरू नका. स्टिकर झिजलं असेल तर आयफोनच्या वायफाय सेटिंगमध्ये नेटवर्कच्या तपशिलात 'राऊटर' म्हणून आणि अँड्रॉइडमध्ये बहुतेक 'गेटवे' म्हणून हाच पत्ता दिसतो.

शेजाऱ्याकडेही हाच पत्ता निघाला म्हणून गोंधळू नका. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ साली खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. माजघर प्रत्येक वाड्यात असतं, पण तुमच्या माजघरात जायचं तर तुमच्याच दारातून यावं लागतं. तसंच हे.

पान उघडत नसेल तर आधी मोबाइल डेटा बंद करा. नेट गेलेलं असलं की फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि तुमचा राऊटर सोडून भलतीकडेच शोधत बसतो. दहातली निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा आला तर स्वतःच्या राऊटरपुरता पुढे जा म्हणा. बँकेच्या पानावर तोच इशारा आला तर मात्र तिथूनच माघारी फिरा.

तीन पासवर्ड, तीन कुलपं

सगळा घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिला वायफायचा. हा पाहुण्यांना सांगायचा, टीव्हीत टाकायचा.

दुसरा या पानाचा, म्हणजे राऊटरचं सेटिंग उघडायचा. नवीन डब्यावर तो बऱ्याचदा 'अ‍ॅडमिन' आणि 'अ‍ॅडमिन' असा असतो. हा पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे मोठी करामत काही नव्हती. कंपनीतून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, ती तो दारोदार लावून बघायचा. ज्यांनी पासवर्ड बदललाच नव्हता ते सापडले.

तिसरा आमचा. म्हणजे कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड. पानावर 'वॅन' किंवा 'पीपीपीओई' या नावाखाली असतो. हा एकदा भरला की तुम्हाला पुन्हा कधी लागत नाही, पण तो गेला की नेट गेलं.

आता राऊटरच्या मागचं ते टाचणीएवढं भोक. त्यात पिन घालून दहा सेकंद दाबलं की तिन्ही पासवर्ड पुसले जातात आणि डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं काम करणाऱ्या एका ग्राहकाकडे शनिवारी संध्याकाळी नेट हळू चालत होतं. दिवाणजींनी कुठेतरी ऐकलं होतं, 'रिसेट मारा, पळायला लागतं'. शर्टाची सेफ्टी पिन काढली आणि मारलं. आमच्याकडचं युजरनेम गेलं, कॅमेरे बंद पडले, आणि ऑर्डरची ई-वे बिलं (माल पाठवायचे ऑनलाइन कागद) रात्री मालकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काढावी लागली. नेट हळू होतं ते शेडमधल्या एका कॉम्प्युटरवर भलंमोठं अपडेट उतरत होतं म्हणून. राऊटर बंद करून चालू करणं वेगळं, रिसेट वेगळं. बंद-चालू खुशाल करा. पिन मात्र आम्हाला फोन केल्याशिवाय घालायची नाही.

म्हणून आमच्या दुकानाचा एकच आग्रह: आधी फोटो, मग बदल. कुठलंही सेटिंग बदलण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. चुकलंच तर परत तसंच भरता येतं.

काय बदलायचं

वायफायचा पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. आम्ही म्हणतो १२ तरी ठेवा, आणि मोबाइल नंबर ठेवू नका, तो अख्ख्या गल्लीला पाठ असतो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. 'डब्ल्यूपीएस', म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याची पिन दिसायला आठ आकडी, पण राऊटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत ती सापडतेच. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून हे पान उघडायची सोय, चालू दिसलं तर तेही बंद.

बदल केला की 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' दाबा. दाबल्याबरोबर तुमचाच फोन वायफायवरून सुटेल. घाबरू नका, नवा पासवर्ड टाकून परत जोडा. राऊटरच नवा घेतला असेल तर त्याला जुन्याचंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर बहुतेक आपोआप जोडले जातात.

गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, चालू करून तेवढाच पासवर्ड सांगा. यात्रा उठली की बंद.

रेंज येत नाही तेव्हा

वायफाय दोन लहरींवर चालतं. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीला घाबरतं. २.४ गिगाहर्ट्‌झ हळू, पण लांब जातं. शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दोघांनाही रडवतात. कारखान्यात तर पत्रा आणि लोखंडी माग मिळून सिग्नल नीट फिरूच देत नाहीत. तिथे दुसरा राऊटर केबलने जोडणं हाच इलाज. शेजारीपाजारी सगळ्यांचे राऊटर एकाच चॅनलवर बसले असतील तर २.४ च्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करून बघा. एकमेकांच्या अंगावर न येणारे हे तीनच.

दुसरा राऊटर स्वतः जोडताय? त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दोघं भांडणार. आधी तो एकटाच लावून त्याचं पान उघडा, पत्ता १९२.१६८.१.२ करा, 'डीएचसीपी' बंद करा, मग दोन्हींच्या 'लॅन' लिहिलेल्या भोकांत केबल घाला. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारा. घरात वाटप एकानेच करायचं.

दुकानदारांची तक्रार वेगळीच: लाईट जाऊन आली की बिलाचा प्रिंटर 'ऑफलाइन'. प्रिंटर जागेवरच असतो, फक्त राऊटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, यादीत प्रिंटर निवडा, पत्ता पक्का करा. पाच मिनिटांचं काम आहे. नवी पेठेतल्या एका कापड दुकानात यासाठी प्रिंटर बदलायची तयारी झाली होती.

'फर्मवेअर अपडेट', म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर नवं करणं, जरूर करा, पण मधेच लाईट गेली तर डबा कायमचा गप्प होऊ शकतो. मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलेलं असताना तर अजिबात नको. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, मग दाबा.

हे मात्र आमचं काम

डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. कुठल्याही पानावर त्याचं औषध नाही. फायबरची पिवळी वायर उपसू नका, तिच्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला लेझर दिसत नाही पण डोळ्याला लागतो. बिलावरच्या नंबरवर फोन करा आणि कुठला दिवा कोणत्या रंगाचा आहे तेवढं सांगा, म्हणजे मुलगा सोबत वायर जोडायचं मशीन घेऊनच निघेल.