एका सेकंदाची फुंकर

"माले दम लागस, पन आते बरं शे." (मला दम लागतो, पण आता बरं आहे.) धुळ्याच्या दवाखान्यात आत्याने डॉक्टरांना हे सांगितलं आणि ते अगदी खरं होतं. कापसाच्या हंगामात ती जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला जाते. पहाटे तीनला खोकून उठते, उशीला टेकून बसते, छातीत सूं-सूं आवाज येतो. पण सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तेव्हा छाती शांत. एक्स-रेही स्वच्छ.

दम्याची खरी अडचण हीच. तो येतो आणि जातो. म्हणून त्याची तपासणी म्हणजे श्वासनळ्या किती बदलतात याचं मोजमाप. दोन वर्षं मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या आणून ते कळणार नव्हतंच.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हे लगेच समजेल: टाकीत पाणी तेवढंच, पण ठिबकची नळी चोकली की टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये फुप्फुसातली हवा मोजणाऱ्या स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली, पण त्यांनी मोजली ती टाकी. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजायची कल्पना फ्रान्सच्या तिफेनो यांनी 1947 मध्ये मांडली. दमा पकडायला हाच आकडा लागतो.

आत्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. "आक्का, पोटभर श्वास घ्या. आता फुंका! फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं असतं. पहिल्या वेळी तिने लाजून पदर तोंडाशी नेला, दुसऱ्या वेळी मध्येच खोकला आला. असे प्रयत्न धरत नाहीत. नीट जमलेल्या तीन फुंकरा लागतात, आणि त्या एकमेकींशी जुळाव्याही लागतात. फुंकवून घेणाऱ्या त्या मुलीचा धीर मला फार मोलाचा वाटला, कारण अर्धवट फुंकर म्हणजे चुकीचा रिपोर्ट.

पहिल्या सेकंदात 1.4 लिटर. मग स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाचे चार फवारे, पंधरा मिनिटं बाकावर, पुन्हा फुंकर: 1.7 लिटर. मोठ्या माणसात ही वाढ 12 टक्क्यांहून जास्त आणि 200 मिलिलिटरहून जास्त असेल, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. आत्याची 21 टक्के, 300 मिलिलिटर. वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने किंवा बिडीने खराब झालेल्या नळ्या सहसा अशा मोकळ्या होत नाहीत. तो आजार वेगळा, त्याचे उपचार वेगळे.

आधीपासून पंप चालू असेल तर टेस्टच्या किती तास आधी थांबवायचा, हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने बंद करू नका. टेस्ट नॉर्मल आली म्हणजे दमा नाही, असंही नाही. त्या दिवशी नळ्या मोकळ्या असतील. पाच वर्षांखालच्या लेकरांना तर ही फुंकर बहुधा जमतच नाही. तिथे आई रात्रीच्या खोकल्याबद्दल काय सांगते, त्यावर बराच भर असतो. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची टीबी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती आधी करा.

लग्नाच्या मुलीला दम्याचा शिक्का नको म्हणून टेस्टच टाळणारी घरं मी पाहिली आहेत. त्या मुली रात्र रात्र बसून काढतात. याचा मला मनापासून राग येतो.

आत्याला आता पीक फ्लो मीटर दिलंय. हातात मावणारी प्लास्टिकची नळी, जितक्या जोरात फुंकाल तितका काटा पुढे सरकतो. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. डॉक्टरांना बघायचंय की जिनिंगचा यात किती हात आहे. कामाने होणारा दमा असेल तर सुटीत आकडे सुधारतात. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा आजार वेगळा: त्यात सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते.

आत्या आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, सुटीच्या दिवसाला लाल पेनाने गोल. सुटीच्या सकाळी 290, बुधवारी 230. गुरुवारी ते कॅलेंडरच खिळ्यावरून काढून, गुंडाळून धुळ्याला न्यायचं आहे.